तीन दारं आणि आक्कांची म्हैस

कोल्हापूरहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, तांबडा-पांढरा हाणला की नाही?" हाणला. पण अगदी शेवटच्या दिवशी. त्याआधीचा सगळा मुक्काम मी कोल्हापूर जिल्ह्यात राहून ताकभातावर काढला. हे सांगितलं की लोक मला तुरुंगातून सुटून आल्यासारखं बघतात. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मी नाशिकची. ब्लाऊज शिवते. गळा चुकला तरी गिऱ्हाईक माझ्याशी भांडत नाही, कारण माझ्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. माझी भाची दीपाली, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, कोडोलीला दिली आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. तिने कोल्हापुरात जाऊन स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन ये. नवरा, म्हणजे सागर, म्हणाला, "मला काय झालंय? एका हातानं पोतं उचलतोय मी." आता मूल काय पोत्यातून येतं का?

मग एक दिवस दीपालीचा फोन आला. "मावशी, आक्कांशी बोलणी झाली." आक्का म्हणजे तिची सासू. सासरे वारलेत, घरात आक्कांचाच शब्द चालतो. "त्या म्हणतात, आपण जुन्या औषधवाल्यांची तीन दारं करायची. तिघांकडं जाऊन आलो, की सागरला त्या स्वतः तपासायला पाठवणार."

"मग जाऊन ये की!"

"अगं, त्या चौथं दार काढतील. साक्षीला कुणीतरी पाहिजे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि आक्का कुणाला दबल्या तर तुलाच दबतील."

हे शेवटचं ऐकलं आणि मी पिशवी भरायला घेतली.

कोडोली

आमच्याकडे पाहुणा आला की आपण विचारतो, "चहा ठेवू का?" पाहुणा म्हणतो, "नको, आत्ताच झाला." मग आपण आग्रह करतो, तो लाजतो, आणि चहा होईतो अर्धा तास जातो. कोडोलीत मी उंबऱ्यातून आत पाय टाकला तेव्हाच कप माझ्या हातात होता. त्यानंतर आक्कांनी विचारलं, "च्या घेणार न्हवं?"

आक्का म्हणजे उंच, हडकुळी, ताठ बाई. आवाज असा की त्या घरात बोलल्या तरी साखर कारखान्यात ऐकू जावा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "काय ओ इहीनबाई, किती वाळलासा! नाशकात खायाला मिळत न्हाय व्हय?" माझ्या ब्लाऊजचं माप मीच कुणाला सांगत नाही, इतकं ते मोठं आहे. पण वाळलात म्हणणारी बाई मला आयुष्यात प्रथमच भेटली होती. माझा निम्मा राग तिथेच उतरला, आणि हे बरं झालं नाही, कारण तो मी मुद्दाम नाशिकहून जपून आणला होता.

जेवायला बसल्यावर मी विषय काढला. "आक्का, दारं तीनच ना?"

"तीनच की."

"चौथं नाही."

"मी कवा म्हटलं चौथं?" असं म्हणून त्या आढ्याकडे बघायला लागल्या. दीपालीने मला कोपर मारलं.

सागर पोरगा वाईट नाही. भल्या पहाटे उठून म्हशींच्या धारा काढतो, मग फाउंड्रीत कामाला जातो. तिथे त्याची जागा भट्टीपाशी. लोखंडाचा रस ओतायचा. घरी येतो तेव्हा भाजलेल्या वांग्यासारखा दिसतो. गालात तंबाखू कायम. मी त्याला विचारलं, "काय जावईबापू, तपासणीला जाणार ना?" तो म्हणाला, "बघू की," आणि गोठ्यात जो गेला तो मी झोपेपर्यंत काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी गावात मिसळ खाल्ली. नाशिकची मिसळ मी लहानपणापासून खात आलेय, तिखटाचं मला कुणी सांगू नये, असं मी त्या हॉटेलात मोठ्याने म्हणाले. मालकाने शांतपणे कटाची वाटी पुढे सरकवली. पुढचं लिहीत नाही. इतकंच सांगते, की आक्कांनी पदराने माझे डोळे पुसले.

नेसरी

पहिलं दार नेसरीला, गडहिंग्लजच्या पलीकडे. तिकडची बोली ऐकताना मधूनच पायाखालून मराठी संपून कानडी सुरू झाल्यासारखं वाटतं. स्टँडवरून औषधवाल्या मामांचं घर लांब. मार्चच्या उन्हातून आम्ही तिघी तंगडतोड करत गेलो.

झाडपाला देणारे ते मामा चांगले म्हातारे होते. खळ्यावर शेंगा निवडत बसले होते. पैसे घेत नाहीत, फक्त नारळ घेतात, कारण विद्या आज्याकडून आली आणि आज्याने तशी शपथ घातली. त्यांनी दीपालीला समोर बसवलं, नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग तिचा तळहात आपल्या तळहातावर ठेवला आणि मान हलवली.

"तापलंय," ते म्हणाले. "लई उष्णता. कूस म्हंजे रान, आक्का. रान तापलं की बी करपतंय."

"मी म्हटलं न्हवतं?" आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या.

"अहो, आत्ता दोन मैल उन्हातून चालत आलोय," मी म्हटलं. "माझा हात बघा, त्यावर पापड भाजेल."

मामा रागावले नाहीत. त्यांनी खरंच माझा हात पाहिला आणि म्हणाले, "तुमाला बी उष्णता हाय. पर तुमचं आता काय न्हाय त्यात."

मी गप्प बसले असते तर मी मी नसते. "मामा, रान चांगलं असलं आणि बीच किडकं निघालं तर?"

"बाईमाणसाच्या औशिदात बाप्याचं काय काम?" मामांना खरंच नवल वाटलं होतं. असा प्रश्न त्यांना पूर्वी कुणी विचारलाच नसावा. "आज्यानं बायकांचं औशीद शिकिवलं. बाप्याचं शिकिवलंच न्हाय."

हे मात्र त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला पुढे भांडता येईना. त्यांनी शिवलिंगीचं बी दिलं, ते दुधातून गिळायचं. पाच-सहा पाल्यांचा काढा दिला, तो रोज उजाडता उपाशीपोटी प्यायचा. मग पथ्य. गूळ नाही, लसूण नाही, सुंठ नाही. ताक, सब्जा, काकडी चालेल. आणि अमावास्येपर्यंत घरात मटण शिजवायचं नाही, घरातल्या कुणी बाहेर जाऊन खायचंही नाही.

"कुणी म्हणजे?" मी घाबरून विचारलं.

"चुलीवर जेवतील ती समदी. पावणं बी."

अमावास्या माझ्या परतीच्या तिकिटाच्या पुढे होती. मी त्या क्षणी नेसरीच्या खळ्यावर आयुष्यातलं एक स्वप्न पुरलं.

आणखी एक पथ्य होतं, ते मामांनी आक्कांच्या कानात सांगितलं, आणि आक्कांनी ते परतीच्या एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं दीपालीच्या कानात सांगितलं. नवराबायकोने तोवर वेगळं झोपायचं. मी म्हटलं, "आक्का, मूल हवंय ना तुम्हाला? मग ते होणार कसं?"

"रान पडीक टाकल्याबिगर जोर येत न्हाय," आक्का म्हणाल्या. पुढच्या सीटवरच्या पागोटेवाल्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काढा. त्याचा वास घरभर पसरला आणि मांजर बाहेर गेलं. दीपालीने पेला तोंडाला लावला, डोळे मिटले आणि तिचं तोंड वाकडं झालं. शेजारी उभ्या आक्का गरजल्या, "एका दमात पी! त्वांड वाकडं करू नगंस, त्वांड वाकडं केलं की गुण येत न्हाय!" दीपालीने तोंड सरळ केलं. ते सरळ ठेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी एक घोट चाखला. कडू कारलं याच्यापुढे बासुंदी.

हुपरी

दुसरं दार हुपरीला. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. गल्लीत शिरलं की घराघरांतून ठोकठोक ऐकू येते, उंबऱ्यात बसून बायका पैंजणांना घुंगरू जोडत असतात. उकडत होतं, म्हणून स्टँडवर आम्ही बर्फ घातलेला उसाचा रस घेतला. दीपाली तो गार पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. हे लक्षात ठेवा.

इथे औषध देणारी एक म्हातारी होती. पोट चोळायची, सरकलेली बेंबी जागेवर बसवायची. तिची सून दारातच पैंजण करत होती. म्हातारीने दीपालीला चटईवर आडवं केलं, हात धरला आणि ओरडली, "अगं आई गं! किती गार! पोटात नुसता गारवा आन् वारं भरलंय. बेंबी वर चढलीया. पोर ऱ्हाईल कशी?"

"आक्का," मी म्हटलं, "नेसरीला उष्णता होती."

"तवा हुती," आक्का म्हणाल्या.

म्हातारीने दीपालीच्या बेंबीवर पणती ठेवून पेटवली आणि वरून तांब्या पालथा घातला. आतला दिवा विझला तशी कातडी वर ओढली गेली आणि तांब्या पोटाला घट्ट चिकटला. मला वाटलं होतं पोरगी किंचाळेल, पण ती म्हणाली, "मावशी, बरं वाटतंय गं." म्हातारीचा हात हलका होता, चोळणं झकास होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. पाच वर्षांत त्या पोरीच्या पोटाला कुणी मायेने हात लावला असेल तर बहुतेक ह्याच बाईने. मी माझ्या पाठीलाही दोन हात मारून घेतले.

मग पथ्य आलं. गूळ खायचा, लसूण खायचा, सुंठ घ्यायची. ताक, काकडी, सब्जाला शिवायचं नाही.

आक्का क्षणभर गोंधळल्या, पण क्षणभरच. "मग असं करू. सकाळी नेसरीचं, सांजच्याला हुपरीचं."

"ती काय पाण्याचा बंब आहे का, सकाळी विझवायला आणि संध्याकाळी पेटवायला?" मी ओरडले. म्हातारीची सून हातातले घुंगरू टाकून हसायला लागली.

परत येताना आक्का एका दुकानात शिरल्या आणि बाळाचे वाळे बघायला लागल्या. दुकानदाराने विचारलं, "केवढं हाय बाळ?" आक्का म्हणाल्या, "यायचं हाय अजून. यील की." त्या स्वरात कुठेही टोमणा नव्हता. नुसती आशा होती, आणि तिचाच जास्त त्रास होतो. दीपाली दुकानाबाहेर निघून गेली. मी मागोमाग गेले तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मावशी, माझं पोट माझं राहिलेलंच नाही गं. साऱ्या तालुक्याचं झालंय. जो येतो तो हात घालून बघतो. आणि हा बाबा दारातसुद्धा येत नाही. अजून एक दार. त्यानंतर हा नाही गेला, तर मी तुझ्याबरोबर नाशिकला येते. शिवण शिकव मला."

मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि मनात म्हटलं, सागऱ्या, तुझं काही खरं नाही.

कोडोलीचा बाजार

तिसरं दार सोपं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी एक नाडीवैद्य कोडोलीत येऊन खोली घेऊन बसत. त्यांचा नेम असा, की बाईमाणसाचं तोंड बघायचं नाही. तोंड पाहिलं की दया येते आणि नाडी चुकते. म्हणून मध्ये पडदा. पडद्याला फट. आतून आवाज येतो, "घाला हात." बाईने फटीतून हात घालायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. हे मला फार आवडलं. तोंड न बघता माप घेणं सोपं नाही.

पडद्याबाहेर बायकांची रांग. आमच्या पुढे दोघीच राहिल्या, तेवढ्यात दीपालीला तिच्या आईचा फोन आला आणि नीट ऐकू येईना म्हणून ती रस्त्यावर गेली. पुढच्या दोघी कशा कोण जाणे झटकन उरकल्या. आतून आवाज आला, "घाला हात."

"दीपाली! ए दीपे!" आक्का ओरडल्या. दीपालीचा पत्ता नाही. मागच्या बाईने पुढे पाऊल टाकलं. कोल्हापूरकडच्या माणसाचं एक आहे, तो एकवेळ औषध सोडेल, नंबर सोडणार नाही. आक्कांनी माझं मनगट धरलं. "घाला ओ इहीनबाई! नंबर जाईल!" आणि मला काही कळायच्या आत माझा हात कोपरापर्यंत पडद्याच्या आत होता.

आत तीन बोटं माझ्या नाडीवर टेकली. बराच वेळ गेला. बोलायचं नव्हतं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. मग वैद्य समाधानाने म्हणाले, "वा! कूस उत्तम आहे. काही दोष नाही. औषधाचीही गरज नाही. वर्षाच्या आत पाळणा हलणार."

माझी साठी उलटली आहे. माझा नातू यंदा दहावीला बसला.

रांगेतल्या बायका अशा काही हसल्या की बाजारातली माणसं दारात जमली. एक म्हातारी माझी ओटी भरायला निघाली. दीपाली धावत आली, तिला काय झालं ते कळलं आणि ती हसता हसता खाली बसली. त्या घरात पाय ठेवल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "झाली तीन दारं."

"कुठं झाली? हात तुमचा हुता. हे दार धरायचं न्हाय."

"हात कुणी घातला माझा?"

"कुणी का घालंना! नाडी तुमची बघितली. आता म्होरल्या बाजाराला परत जायाचं. न्हायतर पन्हाळ्याच्या वाटंला एक बाई हाय, लई गुणाची..."

चौथं दार! मी कमरेला पदर खोचला. आक्कांनीही खोचला. आमचं जे झालं ते दोन्ही गल्ल्यांनी ऐकलं. मधे सागर येऊन "जेवायचं काय?" म्हणाला, त्याला आम्ही दोघींनी मिळून हाकललं. दीपालीने मात्र कपाट उघडलं आणि चार साड्या काढून माझ्या पिशवीशेजारी ठेवल्या.

म्हैस

सकाळी मी उठले ती आक्कांच्या आवाजाने. म्हटलं दारावर चोर धरला की काय. बाहेर येऊन पाहते तो गोठ्यासमोर डेअरीचा माणूस मोटारसायकल लावून उभा. हा म्हशींना रेतनाचं इंजेक्शन देतो, गावात त्याला डॉक्टरच म्हणतात. त्याच्या टाकीत गारठवलेलं रेड्याचं बीज असतं, नळीत भरलेलं. त्या नळीला म्हणायचं कांडी. आक्कांची लाडकी म्हैस, राणी तिचं नाव, दोनदा कांडी भरूनही गाभण राहिली नव्हती. काल ती परत माजावर आली, म्हणजे त्यांच्या भाषेत म्हैस उलटली.

डेअरीवाला बिचारा म्हणाला, "आक्का, म्हशीतच काय तर दोष आसंल. औषध चालू करा तिला."

झालं. आक्का पेटल्या.

"माझ्या म्हशीत दोष? डोळं फुटलं काय रं तुझं? आंग बघ तिचं, चकाकतंय कसं! खातीया बेस, माजावर येती येळच्या येळंला. तुझ्या मोठ्या डॉक्टरानं हात घालून तपासली, म्हणला काय बी दोष न्हाय. मग दोष तिच्यात आला कुठनं? गरीब मुकं जनावर, म्हणून तिच्या डोक्यावर घालतोस व्हय? तिला औशीद मागनं! आधी तुझी कांडी तपास! कांडीच मेल्याली आसंल तुझी!"

सागर नळावर तोंड धूत होता. त्याच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. दीपाली शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. डेअरीवाला जमिनीकडे बघत होता, कारण गावात कुणाला काय माहीत नसतं? मी तोंड उघडलं, पण दीपालीने माझ्याकडे बघून मान हलवली. तिने पाटी खाली ठेवली.

"आक्का," ती म्हणाली, "माझ्यासाठी बी एकदा असंच भांडा की."

आक्का वळल्या. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग म्हशीकडे, मग नळावरच्या मुलाकडे. राणीने एकदा शेपटी मारली.

मग आक्का घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर लग्नकार्याचं इरकल लुगडं होतं.

"सागऱ्या, कापडं घाल. कोल्लापूरला जायाचंय."

"आई, लोक काय म्हणतील?"

"पाच वरीस लोकांनी हिला म्हटलं. आता वाईच तुला म्हणू देत."

कोल्हापूर

तपासणीच्या जागी बाकांवर बरीच जोडपी खाली मान घालून बसली होती. आक्का थेट काउंटरवर गेल्या. "माझ्या ल्योकाची तपासणी हाय! पोरं व्हत्यात का न्हाय ती! पयला नंबर कुणाचा?" सागरने रुमालाने तोंड झाकलं. तिथल्या मुलीने हळूच त्याला विचारलं, की किती दिवस पत्नीपासून लांब आहात, कारण दोन-तीन दिवस तरी लांब राहिलेलं लागतं. सागर काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "लांबच हाय त्यो! नेसरीचं पथ्य हाय!" नेसरीचं पथ्य असं उपयोगी पडेल हे मामांनाही वाटलं नसेल.

मुलीने त्याच्या हातात डबी दिली. तो उठेना. आक्का म्हणाल्या, "जा की! लाजतोस काय? राणीला चार माणसांम्होरं बघत्यात." समोरच्या बाकावरचा एक नवरा खुदकन हसला, आणि मग शहाण्यासारखा आपणही उठून काउंटरवर गेला.

दुपारनंतर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. बीज कमी आहे, म्हणाल्या, आणि जे आहे ते अशक्त. उपाय आहेत, पण खात्री आत्ता देत नाही. त्यांनी सागरला विचारलं, "काम काय करता?" त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "भट्टीजवळ रोज इतकी वर्षं? ती उष्णता बाधते. काम बदलून घ्या. आणि ही तंबाखू आजपासून बंद."

आक्का खुर्चीतून उठल्याच. "बघा! नेसरीच्या मामानं बराबर सांगटलं हुतं की न्हाय? उष्णताच हुती! फकस्त माणूस चुकला!"

डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही. मला हसू आवरेना. दीपाली हसत नव्हती. ती रिपोर्ट हातात घेऊन नुसती बसली होती, आणि पाच वर्षांचं ओझं उतरल्यावर माणसाचे खांदे कसे खाली येतात ते मी पाहिलं. मला खांदे कळतात. सागरने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं माझं." एवढंच म्हणाला, पण सगळ्यांसमोर म्हणाला.

बाहेर पडल्यावर आक्कांनी जाहीर केलं, "पथ्य ज्याचं त्याला. आपलं सुटलं." आणि आम्हाला खाणावळीत नेलं. आम्हा तिघींपुढे मटणाची ताटं आली, सागरपुढे ताकभात. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी मी डोळे मिटून प्यायले. नाशिककरांनो, मिसळीवरून मी अजूनही भांडेन, पण ह्या वाटीपुढे हात टेकले.

आक्का मात्र जेवत नव्हत्या. तांबड्या रश्श्यात भाकरी चुरत बसल्या होत्या.

"इहीनबाई, हा व्हायच्या आदी मला आठ वरीस फिरवली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या टेबलापर्यंत गेला नाही. "हीच दारं. नेसरीला तवा ह्या मामाचा बा हुता. असला काढा मी आठ वरीस प्याले. मग ह्यो झाला. मला वाटलं, काढ्याचा गुण. म्हणून तर हिला न्हेली, वैर हाय व्हय माझं हिच्याशी?"

"माहितीय आक्का," दीपाली म्हणाली.

"ह्याचा बा गुऱ्हाळात चुलवाणावर जाळ घालायचा. दिवसभर आगीम्होरं. ज्या साली ते सोडून डेअरीत लागला, त्याच्या म्होरल्या साली ह्यो." त्या थांबल्या. "कुणाला ठावं, काय खरं. पर मला म्हशीएवढी तरी कुणी इचारली आसती, तर आठ वरीस कडू प्याले नसते."

मी माझ्या ताटातली मटणाची नळी उचलून त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. दीपालीच्या साड्या पुन्हा कपाटात गेल्या होत्या. मी चपला घालत होते तेवढ्यात आतून तो ओळखीचा वास आला आणि मांजर माझ्या पायांतून बाहेर पळालं. आत डोकावून पाहिलं. काढ्याची बाटली अजून निम्मी शिल्लक होती, आणि आक्कांच्या घरात काही वाया जात नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आहेतच, पण कडू काय लागतं तेवढं एकदा कळू दे, असं आक्कांचं म्हणणं. सागर हातात पेला घेऊन उभा होता. त्याने एक घोट घेतला आणि त्याचं तोंड भाजलेल्या वांग्याचं पिळवटलेलं वांगं झालं.

आक्का काहीतरी ओरडणार होत्या, पण त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

दीपालीने कमरेवर हात ठेवले. "एका दमात प्यायचं," ती म्हणाली. "तोंड वाकडं करायचं नाही. तोंड वाकडं केलं की गुण येत नाही."